निळीची पुडी

दिगंबर आठल्ये मास्तरांना एक खोड होती. वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्यांना भूगोल आठवे. तळेगावच्या शाळेत ते तोच विषय शिकवत, त्यामुळे सोयही होती. मुलगा नापास झाला म्हणून एखादा बाप भेटायला आला की मास्तर त्याला खुर्ची देत आणि इंद्रायणी कुरवंड्याच्या डोंगरात कशी उगम पावते तिथून सुरुवात करत. इंद्रायणी आळंदीला पोचेपर्यंत बाप काय ते समजून चुकलेला असे.

त्यामुळे एकोणीसशे अडतीसच्या कार्तिकात पुण्याच्या डॉक्टरांनी मास्तरांना आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि ‘बाईंना क्षय आहे, दोन्ही फुप्फुसं धरलीत’ असं सांगितलं, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या बायकोपाशी येऊन ते काय बोलणार हे ठरलेलंच होतं.

“लोणावळं समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंच आहे,” मास्तर म्हणाले. “पावसाळा सोडला तर हवा कोरडी. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे. हवापालट केला की झालं.”

अरुंधतीबाईंनी पदरानं ओठ टिपले. “बरं,” त्या म्हणाल्या. “कधी निघायचं?”

पुढं त्यांनी काही विचारलं नाही. आपण किती बेमालूम निभावून नेलं म्हणून मास्तर मनातल्या मनात स्वतःवर खूष झाले. शहाण्या माणसाचा मूर्खपणा हा असा असतो. तो त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसतो.

लोणावळं अरुंधतीबाईंना नवीन नव्हतं. म्हणजे त्यांनी ते पाहिलेलं मुळीच नव्हतं, पण ऐकलेलं इतकं होतं की डोळे मिटून हिंडल्या असत्या. लग्न झालं त्याच साली, एकोणीसशे सतराच्या उन्हाळ्यात, मास्तर मुंबईच्या एका शेठच्या मुलांना शिकवायला म्हणून लोणावळ्याच्या बंगल्यात दोन महिने राहिले होते. तिथून त्यांनी नव्या बायकोला पत्रं धाडली. शेठ आगगाडीला स्वतःचा डबा जोडून येतात, बरोबर आचारी, चाळीस पेट्या आणि दुभती गाय. फाटकावर सिमेंटचे दोन हत्ती, त्यांच्या सोंडांतून पाणी उडतं. संध्याकाळी बागेत रंगीत काचांचे दिवे लागतात आणि बायका हिरवळीवर खुर्च्या टाकून बसतात. प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असे, ‘एकदा तुला दाखवीन.’

दाखवणं राहून गेलं. आधी मुलगी झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलीचं लग्न, मग शाळेची तपासणी. तळेगावाहून लोणावळं गाडीनं तासाभराच्या वाटेवर, पण जवळचं तीर्थ कोण करतो? उद्या करू म्हणता म्हणता एकवीस वर्षं गेली. आता मुलगी दूर हुबळीला, कडेवर तान्हं मूल. तिला बोलावणं धोक्याचं म्हणून तिलाही मास्तरांनी ‘अशक्तपणा’च कळवला होता. धाकट्या शेठनाही तेच लिहिलं. एके काळी मास्तरांकडून नद्यांची नावं घोकलेला तो मुलगा आता चाळिशीकडे आला होता. त्याचं उत्तर आलं, ‘बंगला मोकळाच आहे. हवे तेवढे दिवस राहा. आमच्यापैकी कुणी जात नाही.’

स्टेशनात उतरल्यावर अरुंधतीबाई बाकावर दम घेत बसल्या आणि हसल्या. “वीस मैल आणायला एकवीस वर्षं लागली तुम्हाला. मैलाला एक वर्ष, आणि एक वर्ष सामान बांधायला.”

बाहेर टांग्यांची रांग असेल असं मास्तर सांगत आले होते. टांगे तीनच होते, आणि त्यातला एक घोडा उभ्या उभ्या झोपला होता. शेठच्या बंगल्याचं नाव ‘मनहर व्हिला’, पण ते सांगून टांगेवाल्याला काही उमजेना. मास्तरांनी हत्तींची खूण सांगितली, तेव्हा त्यानं मान डोलावली. “हत्तीबंगला म्हना की.” मग त्यानं अरुंधतीबाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि पुढं घोड्याच्या शेपटीला टेकेल इतका सरकून बसला.

तुंगार्लीच्या वाटेला दोन्ही अंगांनी बंगले. फाटकांवरच्या पाट्या एका खिळ्यावर लोंबत होत्या. कुठल्या व्हरांड्यात म्हशी बांधलेल्या, कुठल्या खिडकीतून आतलं झाड बाहेर आलेलं. मास्तर उजवी-डावीकडे बघत होते आणि सांगायचं थांबले होते. शेवटी हत्ती आले. एकाची सोंड तुटून पडली होती, दुसऱ्याच्या पाठीवर घाणेरीचं झुडूप उगवलं होतं.

“सोंडेतून पाणी उडतं म्हणाला होतात,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

“उडायचं.”

“हत्तीला सोंड तरी असायची तेव्हा.”

बंगल्याची राखण भिमाजी आणि त्याची बायको झुंबरबाई करत. सतरा साली भिमाजी पस्तिशीतला गडी होता, शेठच्या गुलाबांना पाणी घालायचा. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि गुलाब नव्हते. टेनिसच्या मैदानात त्यानं वाल लावले होते, आणि ते मात्र झकास आले होते.

“मास्तर!” त्यानं लगेच ओळखलं. “लय दिसांनी. तवा तुमचं केस काळं व्हतं.”

“तुझ्याही मिशा,” मास्तर म्हणाले. “भिमाजी, अरे कुठं गेलं सगळं?”

भिमाजीनं खांद्यावरचं फडकं काढून पायरी झाडली. “थोरलं शेठ गेलं. पोरांच्या वाटण्या झाल्या. पियानो एकानं नेला, झुंबरं दुसऱ्यानं. धाकटं आता काश्मीरला जात्यात म्हनं, हवा खायला. आमी पयल्यापून तुमा लोकास्नी हवेकरी म्हनायचो. पंढरीला माळकरी, लोनावळ्याला हवेकरी. आता हवेकरी न्हाई ऱ्हायलं.”

“इथल्या हवेला काय झालं?”

“हवा तीच हाय, मास्तर. खानारं गेलं.”

“मग उन्हाळ्यात, सीझनला कोण येतं?”

“सीझनला कुत्रं येत न्हाई. धाकटं शेठ मधनंच कुनाला चिठ्ठी देत्यात, त्येवडीच मान्सं.” ती माणसं कसली, हे भिमाजीनं सांगितलं नाही. अरुंधतीबाईंचं बोचकं त्यानं स्वतः उचललं आणि काही न विचारता कोपऱ्यातल्या पूर्वेच्या खोलीत नेऊन ठेवलं.

बाकी बंगल्याच्या भिंतींना ओल आली होती. तसबिरी काढलेल्या जागी चौकोनी डाग होते, पोपडे सुटले होते, छप्परच खाली यायचं तेवढं राहिलं होतं. ही एकच खोली पांढरी स्वच्छ होती, इतकी की दुपारी डोळे दिपत. मास्तरांना आठवत होतं त्याप्रमाणे ही शेठची पत्ते खेळायची खोली, तिचा रंग हिरवा होता. त्यांनी कोट अडकवायला खुंटी शोधली, तर ती चुन्यात बुडून नुसतं बोंड बाहेर राहिलं होतं. कोनाड्यात दिवा मावेना. खिडकीचं दार चौकटीला अडे.

“एवढीच खोली रंगवलीस?” मास्तरांनी विचारलं.

“पूर्वेची हाय,” भिमाजी म्हणाला, आणि वालांना पाणी घालायला निघून गेला.

पहिले पंधरा दिवस इतके चांगले गेले की मास्तरांना डॉक्टरांचीच कीव यायला लागली. अरुंधतीबाई उन्हात खुर्ची टाकून बसत. जेवू लागल्या. डॉक्टरांनी कच्चं अंडं द्यायला सांगितलं होतं, आणि आठल्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलं नव्हतं. मास्तर सकाळी भिमाजीच्या खुराड्याकडे चोरासारखे जात, दुधात अंडं फेटत, वर जायफळ उगाळत आणि ‘पुण्याचं टॉनिक’ म्हणून पेला पुढं करत. अरुंधतीबाई डोळे मिटून पेला रिकामा करत आणि “चांगलं आहे हो टॉनिक” म्हणत. आठवड्यानं झुंबरबाईच्या कोंबड्या दाणे टिपत अंगणात आल्या, तेव्हा त्या खुर्चीतून म्हणाल्या, “आल्या बघा तुमच्या टॉनिका.”

मास्तरांच्या हातातला पेपर खाली पडला.

“अहो, घाबरता काय? टरफलं झुंबरबाई मागंच टाकते. प्यायले ना मी? मग झालं तर.”

“पण तू बोलली नाहीस!”

“तुम्ही इतक्या हौशीनं जायफळ उगाळत होतात,” त्या म्हणाल्या.

एवढ्यावरून तरी मास्तरांना कळायला हवं होतं. नाही कळलं. अंड्याची गोष्ट वेगळी आणि दुखण्याची वेगळी, असं त्यांनी मनाशी धरलं. झाकली मूठ आपल्या हातात आहे असं त्यांना वाटत होतं. ती मूठ कधीच रिकामी झाली होती.

एके दिवशी दोघं हळूहळू तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत चालत गेली. पाणी स्थिर होतं. पलीकडे दोन बायका धुणं बडवत होत्या, आवाज उशिरानं पोचत होता. मास्तर काठीनं दाखवू लागले. तिथं शेठची होडी असायची, तिथं बँड वाजायचा, तिथं एक बाई घोड्यावरून पडली होती आणि सगळे हवेकरी धावले होते.

“मला ठाऊक आहे,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “तिचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत, तेव्हा मी दोन दिवस रुसले होते. अहो, मी बघितलंय तुमचं लोणावळं. तुम्ही लिहिलंत तेव्हाच बघितलं. आता हे बघतेय, हेही बरं आहे. इथं निदान आपण दोघं आहोत.”

वेळेवर आणलं असतं तर, हे वाक्य मास्तरांच्या ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. त्याऐवजी तळ्याची खोली किती असेल याचा अंदाज ते सांगत राहिले.

पौषात थंडी पडली आणि ताप परतला. रोज चारच्या सुमारास गालांवर तांबूस डाग येत. त्या डागांनी अरुंधतीबाई एकवीस वर्षांपूर्वीच्या दिसत, आणि मास्तरांना तेच सगळ्यात भीतीचं वाटे. खुर्ची अंगणातून व्हरांड्यात आली, व्हरांड्यातून खोलीत, आणि मग खुर्ची लागेनाशीच झाली. दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत.

अशाच एका दुपारी त्यांचा डोळा लागला असताना मास्तर उशाशी बसले होते. खिडकीचं दार पुन्हा अडलं म्हणून त्यांनी चाकूच्या टोकानं चौकटीजवळचा चुना खरवडला. एक पापुद्रा निघाला, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. सवय म्हणून ते मोजत गेले. सात पापुद्रे निघाले आणि त्यांच्याखाली हिरवा रंग लागला, थोरल्या शेठचा. बोटभर हिरवा. मास्तरांना वाटलं, आपली सव्विशी ह्या भिंतीत कुणी लिंपून टाकली आहे.

तो पापुद्रा तळहातावर घेऊन ते वालांच्या वाफ्यात गेले. “भिमाजी, सात वेळा रंगवली आहेस ही खोली. बाकी बंगला पडायला आलाय आणि हिलाच सात हात?”

भिमाजी शेंगा तोडत होता. तो थांबला. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो एरवी बोलणंच टाळी. मास्तरांनी वाटच अडवल्यावर त्याचा नाइलाज झाला.

“मास्तर, एकेक हात एकेका मानसाचा.”

“म्हणजे?”

“धाकटं शेठ चिठ्ठी देत्यात ती समदी आजारीच मान्सं. पूर्वेचं ऊन चांगलं, म्हनून हीच खोली. जो बरा हून आपल्या पायानं जातो, त्याच्या मागं आमी निंबाचा पाला जाळून धूर करतो. त्येवडं पुरं व्हतं. चुना लागत न्हाई.” त्यानं शेंगा टोपलीत टाकल्या. “जो पायानं जात न्हाई, त्याच्या मागं चुना.”

मास्तरांनी तळहात मिटला. “धूर किती वेळा केलास?”

“दोनदा,” भिमाजी म्हणाला.

वालाच्या वेलावर एक पाखरू बसलं, उडून गेलं. मास्तर खाकरले. “हिला तसं काही नाही. नुसता अशक्तपणा आहे.”

“व्हय,” भिमाजी मान खाली घालून म्हणाला. “समद्यास्नी अशक्तपनाच असतो.”

मग मास्तरांची दया येऊन म्हणा, की गप्प राहवेना म्हणून म्हणा, तो कामाचं बोलू लागला. चुना म्हणजे काही सोपं काम नव्हे. कळीचा चुना आणायचा, पिंपात पाण्यात घालायचा, तो उकळतो. मग चांगला पंधरा दिवस मुरू द्यायचा, रोज काठीनं ढवळायचा, फडक्यानं गाळायचा, डिंक घालायचा. पहिल्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं. माणूस गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ताजाच चुना मारला. महिन्यात सगळा गळून पडला, पुढचा आजारी येऊन राहिला त्याच्या अंथरुणावर पोपडे. धाकट्या शेठचं रागाचं पत्र आलं. “तवापून मी घाई करीत न्हाई,” भिमाजी म्हणाला. “मुरल्याबिगर चुना भिताडाला धरत न्हाई.”

मास्तरांनी हे सगळं ऐकलं आणि शाळेत मुलं ऐकतात तसं सोडून दिलं. त्यांच्या कानांत ‘दोनदा’ एवढंच राहिलं होतं. दोनदा झालं तर तिसऱ्यांदा का होऊ नये? त्यांनी झुंबरबाईकडून निंबाचा पाला मागवला आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात वाळत टाकला. रोज सकाळी ते तो वरखाली करून ठेवत. कुणी विचारलं तर डासांसाठी म्हणत, पण थंडीत डास नव्हते आणि विचारतही कुणी नव्हतं.

माघ लागला तेव्हा रक्त पडलं. आधी रुमालावर, मग तांब्यात. गावातला डॉक्टर येऊन गेला. तपासून झाल्यावर तो मास्तरांबरोबर फाटकापर्यंत आला, सोंड नसलेल्या हत्तीपाशी थांबला, त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि काहीच न बोलता गेला. त्याला भूगोलही येत नसावा.

मास्तरांनी करायचं ते सगळं केलं. दूध आटवलं, तळपाय चोळले, कुलदैवताला नवस बोलले, धाकट्या शेठना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांबद्दल लिहिलं. देव आणि शेठ दोघांकडूनही उत्तर आलं नाही. हुबळीला पत्र लिहायला बसले की ते हवामानाचं लिहून पत्र संपवत. धडधाकट दोन हात होते, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. रडावं म्हटलं तर अरुंधतीबाई जाग्या असत.

चार दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, मुदपाकखान्याच्या मागून आवाज येऊ लागला. मोठ्या कढईत काहीतरी रटरटावं तसा, मधूनच फुत्कार टाकणारा.

“कसला आवाज हो?” अरुंधतीबाईंनी विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता की मास्तरांना ओठांकडे बघावं लागे.

“बघून येतो,” ते म्हणाले.

मागं भिमाजी पाठमोरा उभा होता. समोर पत्र्याचं पिंप, त्यातून वाफ निघत होती. हातातल्या घागरीनं तो बेतानं पाणी सोडत होता आणि आत चुन्याच्या पांढऱ्या कळ्या फुटत होत्या.

मास्तरांना क्षणभर काही समजलं नाही. मग चुना पंधरा दिवस मुरवायचं ते सगळं बोलणं, ढवळणं, गाळणं, घाई न करणं, एकदम समजलं.

“भिमाजी,” ते ओरडले, “कोण येणार आहे रे? सीझनला कुत्रं येत नाही म्हणालास ना? मग कुणासाठी चाललंय हे? बोल की!”

भिमाजीनं घागर खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, चुन्यानं म्हणावं तर तो वाऱ्याच्या उलट अंगाला उभा होता. “मास्तर,” तो म्हणाला, “पंदरा दिस लागत्यात.”

दिगंबर मास्तरांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. शाळेत छडी नुसती नकाशा दाखवायला वापरली. ते धावत पुढं गेले आणि पिंप उलथून टाकायला दोन्ही तळहात त्यांनी पत्र्याला लावले. पत्रा तव्यासारखा तापला होता. हात आपसूक मागं आले. त्यांनी पुन्हा लावले, पुन्हा मागं आले. पिंप जागचं हललंही नाही. आत चुना आपल्या तंद्रीत रटरटत होता.

झुंबरबाई धावत आली. तिनं मास्तरांचे हात धरून गार पाण्याच्या बादलीत बुडवले आणि नवऱ्याला शिव्या घालत राहिली. “ह्येला अक्कल न्हाई, मास्तर. दुपारच्याला घालायचा का? तितवर आवाज जातो.” म्हणजे घालायचा की नाही हा प्रश्नच नव्हता, वेळ चुकली एवढंच. मास्तरांना तिच्यावर रागावताही येईना.

ते खोलीत परतले तेव्हा अरुंधतीबाई दाराकडेच बघत होत्या. मास्तरांनी हात पाठीमागं धरले.

“चुना ना?” त्या म्हणाल्या.

“हो. ते… सीझन जवळ आला. सबंध बंगला रंगवायचाय म्हणतो भिमाजी. उन्हाळ्यात माणसं येतील ना.” आणि मग, कुठंच वाट न सापडून, “लोणावळ्याची उंची…” एवढं म्हणून ते अडकले. पुढचा आकडा घशातून बाहेर पडेना. वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला आकडा.

“सांगा की,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “किती फूट?”

“दोन हजार.”

“बरंच वर आलो की मग.”

मास्तर पलंगाच्या कडेला मटकन बसले. अरुंधतीबाईंनी त्यांचा हात ओढून घेतला, तळहात पाहिला, लाल झालेला, आणि त्यावर आपले गार ओठ टेकले. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. दोघांनाही ते ठाऊक होतं.

“झुंबरबाईनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, चुन्याचं,” त्या म्हणाल्या. “आणि पुण्याला तुम्ही बाहेर आलात ना, समुद्रसपाटी म्हणालात, तेव्हाच मला कळलं.”

“मग बोलली का नाहीस? इतके दिवस…”

“तुम्ही इतकं जपून लपवत होतात. मला मोडवेना.”

मास्तर रडले. लहान मुलासारखे, पांघरुणात तोंड घालून, आवाज न करता. अरुंधतीबाई त्यांच्या डोक्यावरून बोटं फिरवत राहिल्या, आणि बोटं दमली की नुसती ठेवून देत. बाहेरचा रटरटाट हळूहळू कमी होत गेला.

“अहो, ऐका,” बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. “भिमाजीला सांगा, ह्या खेपेला चुन्यात थोडी नीळ घाल म्हणावं.”

“नीळ?”

“नुसता पांढरा डोळ्यांत खुपतो हो. अडीच महिने बघतेय ना मी. आमच्या माहेरी दिवाळीला नीळ घालायचे, भिंत कशी शांत दिसायची.” त्यांना धाप लागली. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. “पुढं जो कुणी इथं पडेल, त्याला जरा बरं वाटेल.”

मास्तरांनी मान हलवली.

“आत्ताच जाऊन आणा. उद्यावर टाकू नका,” त्या म्हणाल्या, आणि जरा हसल्यासारखं केलं. “तुमचं उद्या मला माहीत आहे.”

झुंबरबाईला उशाशी बसवून मास्तर निघाले. व्हरांड्याच्या कोपऱ्यात निंबाचा पाला वाळून काळा पडला होता. त्याच्याकडे न बघता ते पायऱ्या उतरले, हत्तींच्या मधून बाहेर पडले आणि ओळीनं मिटलेल्या बंगल्यांवरून चालत बाजारात आले. अर्ध्या दुकानांना फळ्या लागलेल्या होत्या. एका वाण्याचं दुकान उघडं होतं, तिथं त्यांनी नीळ मागितली.

वाण्यानं मागच्या फळीकडे हात नेला आणि वळून विचारलं, “कपड्यांना का चुन्याला?”

मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीनं काहीतरी दुसरंच जिभेवर आलं होतं. ते त्यांनी परत गिळलं.

“चुन्याला,” ते म्हणाले.